भोनचा स्तूप : इतिहास कसा वाचावा



धम्मदीक्षा घेतलेल्या घरातील मुलगा शाळेत जातो, पुढे कॉलेजात जातो आणि इतिहासाच्या पुस्तकात भगवान बुद्धाचा धडा वाचतो. लुंबिनी, बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर ही नावे तो पाठ करतो आणि परीक्षेत गुणही मिळवतो. पण ही सारी ठिकाणे त्याच्या गावापासून शेकडो कोस दूर आहेत. त्यामुळे त्याच्या मनात एक समज घर करून बसतो, की धम्म हा तिकडचा, उत्तरेकडचा. आपल्या भागात तो १९५६ साली बाबासाहेबांनी आणला आणि त्यापूर्वी येथे काहीच नव्हते. आपल्याला हिणवण्यासाठी 'नवबौद्ध' म्हणणारेही निराळे काय सांगतात? बुलढाणा जिल्ह्यापुरते बोलायचे तर हे म्हणणे खोटे आहे, आणि ते खोटे असल्याची साक्ष विटांनी दिली आहे. ती साक्ष कशी मिळाली, तिच्यातून किती गोष्ट सिद्ध होते आणि किती होत नाही, हे आजच्या पाठात पाहू.

संग्रामपूर तालुक्यात पूर्णा नदीच्या काठी भोन नावाचे गाव आहे. तेथे जुन्या वस्तीचे पांढरीचे टेकाड आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेज या संस्थेने २००२ नंतरच्या काही हंगामांत तेथे उत्खनन केले. डॉ. बी. सी. देवतारे आणि त्यांचे सहकारी या कामावर होते. जमिनीखाली त्यांना विटांनी बांधलेला स्तूप सापडला. भाजलेल्या मातीची कडी एकावर एक रचून केलेल्या पुष्कळ विहिरी सापडल्या. या वस्तीचा काळ मौर्य-सातवाहनांचा, म्हणजे आजपासून सुमारे बावीसशे वर्षांपूर्वीपर्यंत मागे जाणारा आहे, असे अभ्यासकांनी ठरविले. स्तूप म्हणजे बुद्धाच्या किंवा थोर भिक्खूंच्या अस्थी व पवित्र वस्तू ठेवून, किंवा त्यांच्या स्मृतीसाठी, उभारलेली घुमटाकार वास्तू. उपासक तिला उजवी घालून प्रदक्षिणा करीत. जेथे स्तूप आहे तेथे उपासक होते आणि त्याच्या बांधकामासाठी दान देणारी घरे होती, हे वेगळे सांगावयास नको.

आता कोणी विचारील, की जमिनीखालच्या विटेवर साल लिहिलेले नसते, मग बावीसशे वर्षे कशावरून? प्रश्न योग्य आहे आणि मुलांनी तो विचारलाच पाहिजे. खेड्यातील माणसाला याचे उत्तर समजणे अवघड नाही. आपल्या गावची पांढरी आठवा. मातीची घरे पडतात, त्यांच्यावर पुन्हा घरे बांधली जातात, चुलीची राख, फुटकी मडकी, हाडे, मणी सारे तेथेच दबून जाते. शे-दोनशे वर्षांत जमीन हातभर वर येते. गोधड्यांची चळत घातली तर सगळ्यांत जुनी घडी खाली असते, तसेच येथेही. अभ्यासक वरून खाली एकेक थर मोजून, जपून काढतो. कोणते खापर कोणत्या थरात मिळाले, नाणे कोणत्या थरात मिळाले, याची टिपणे ठेवतो. खापराची घडण आणि रंग काळाप्रमाणे बदलतात. त्यावरून थराचा काळ कळतो. थरात कोळसा मिळाला तर प्रयोगशाळेत त्याचे वय काढता येते. विटांचे मापही बोलते. सातवाहनांच्या काळातील वीट आजच्या विटेपेक्षा पुष्कळ मोठी असे.

म्हणूनच पांढरीची माती गाडीत भरून शेतात टाकणे किंवा भिंती सारवायला नेणे हा दिसायला साधा व्यवहार असला तरी त्यात पुराव्याचा नाश होतो. एकदा थर विसकटला की खापर हातात राहते, पण त्याचा काळ नाहीसा होतो. गुप्तधनाच्या लोभाने रात्री खड्डे खणणाऱ्यांविषयी तर बोलायलाच नको.

ऐकीव कथा आणि पुरावा यांतील फरक आपल्याच जिल्ह्यात आणखी एका ठिकाणी दिसतो. लोणारच्या सरोवराची कथा सर्वांना ठाऊक आहे. तेथे लवणासुर नावाचा दैत्य राहत होता, देवाने त्याला मारले आणि हा खड्डा पडला, असे पिढ्यान् पिढ्या सांगत आले. गावात दैत्यसूदनाचे मंदिरही उभे आहे. १९७० च्या दशकात शास्त्रज्ञांनी तेथील खडक तपासले. प्रचंड आघाताखेरीज होणार नाहीत अशी लक्षणे त्यांना दगडात मिळाली आणि हे विवर अशनी आदळून झाले हे ठरले. कथा मोठी जुनी होती. तिला माणसे मानीत होती. मंदिर तिची साक्ष देत होते. तरी खरे काय, ते दगडाने सांगितले. केसपुत्त गावच्या कालामांनी भगवंतांना विचारले होते, की निरनिराळे गुरू येतात, प्रत्येक जण आपलेच खरे म्हणतो, आम्ही कोणावर विश्वास ठेवावा? परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा आपले गुरू सांगतात म्हणून कोणतीही गोष्ट मानू नका, असाच त्या उपदेशाचा आशय होता. हा उपदेश आपण दुसऱ्यांच्या पोथ्यांना मोठ्या आनंदाने लावतो. तो आपल्या भाषणांनाही लावायला हवा.

अलीकडे सभांतून अमुक देऊळ मुळात विहार होते, तमुक डोंगर मुळात स्तूप होता, असे बेधडक सांगितले जाते. काही ठिकाणी ते खरेही असेल. पण थर, वीट, शिलालेख यांपैकी काहीही न दाखवता केलेला एक खोटा दावा आपल्या दहा खऱ्या दाव्यांना मारतो. भोनला असा प्रश्नच येत नाही, कारण तेथे अभ्यासकांनी खणून पाहिले आहे. तरीही मुलांना सांगताना जपून सांगा. या गावी सातवाहनांच्या काळात बौद्ध वस्ती होती, हे स्तूप सांगतो. तो बांधणारे आपलेच पूर्वज होते, असे मात्र स्तूप सांगत नाही. बाबासाहेबांनी १९४८ साली 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. अस्पृश्य हे मूळचे पराभूत टोळ्यांतून फुटलेले, बुद्धाला मानणारे लोक, असे अनुमान त्यात मांडले आहे. पण त्याच ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी स्पष्ट केले, की जेथे पुराव्याची साखळी तुटलेली आहे तेथे अभ्यासकाला अनुमान करावे लागते, आणि अनुमान हे तपासून घेण्यासाठी असते. एवढ्या मोठ्या विद्वानाने हे पथ्य पाळले. मग आपण त्यांचे अनुमान घोषणेसारखे का म्हणावे? ते पुढे तपासत राहणे हाच त्यांचा खरा आदर नव्हे काय?

कष्टकऱ्यांचा धम्माशी संबंध दाखवायला अनुमानाचीही गरज नाही, असे पुरावे महाराष्ट्रात दगडावर आहेत. जुन्नरच्या लेण्यांतील ब्राह्मी लेखांत बांबूचे काम करणाऱ्यांच्या श्रेणीचा आणि कासारांच्या श्रेणीचा उल्लेख आहे. नाशिकच्या लेण्यांत मुगुदास नावाच्या कोळ्याने कुटुंबासह दिलेल्या लेण्याचा लेख आहे. राजांनी दाने दिली, सावकारांनी दिली, तशी बुरुडांनी आणि कोळ्यांनीही दिली, आणि सगळ्यांची नावे एकाच लिपीत, एकाच डोंगरात कोरली गेली. पाठ्यपुस्तकात सातवाहन राजांची वंशावळ असते. मुगुदासाचे नाव कोणत्या इयत्तेच्या परीक्षेत विचारतात?

येथे विद्यापीठांची गोष्ट निघते. विदर्भात हे काम पूर्वीही झाले आहे. भंडारा जिल्ह्यातील पवनी येथे १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठाने पुरातत्त्व खात्याच्या सहकार्याने उत्खनन केले. डॉ. शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांनी स्तूपांचे अवशेष उजेडात आणले आणि विद्यापीठाने त्याचा अहवाल १९७२ साली छापला. डेक्कन कॉलेजचे मूळ १८२१ साली पुण्यात निघालेल्या हिंदू कॉलेजात आहे. पेशवाईतील दक्षिणेच्या पैशावर संस्कृत शास्त्रांच्या अध्ययनासाठी ते काढले होते. १९९० पासून या संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा आहे. ज्या दक्षिणेत आपल्या आजोबा-पणजोबांना वाटा असणे शक्यच नव्हते, तिच्यातून वाढलेल्या संस्थेने भोनचा स्तूप वर काढला. इतिहासाची गंमत म्हणतात ती हीच.

विद्यापीठाच्या या कामाबद्दल कृतज्ञ असावे. पण एक तक्रार केल्यावाचून राहवत नाही. भोनचा शोध प्रसिद्ध झाला तो इंग्रजी संशोधनपत्रिकांत. ती पत्रिका पुण्या-दिल्लीच्या ग्रंथालयात जाते, संग्रामपूरच्या एस. टी. स्टँडवर जात नाही. उत्खननात मिळालेल्या वस्तू खणणाऱ्या संस्थेकडे जातात, हेही रीतसरच. मग ज्याच्या शेताशेजारी स्तूप निघाला त्या शेतमजुराच्या मुलीला तो कसा कळणार? विद्वानांनी विद्वानांसाठी लिहिलेला इतिहास आवश्यक आहे, पण पुरेसा नाही. लोकांच्या भाषेत, लोकांच्या गावी, लोकांना प्रश्न विचारू देणारा इतिहास हे विद्यापीठाचे दुसरे काम आहे, आणि ते नेहमी मागे पडते. बुलढाणा जिल्ह्यातील कॉलेजे पूर्वी नागपूर विद्यापीठाकडे होती; १९८३ साली अमरावती विद्यापीठ झाल्यावर ती त्याच्याकडे आली. त्या विद्यापीठाला आज संत गाडगेबाबांचे नाव आहे. बाबांनी विद्या हाती खराटा घेऊन गावोगाव नेली. खामगाव, चिखली, मेहकर, मलकापूर येथील इतिहासाच्या विद्यार्थ्याने तीन वर्षांत एकदा तरी भोनच्या टेकाडावर उभे राहून थर पाहावेत, ही मागणी गाडगेबाबांच्या नावाच्या विद्यापीठाकडे करण्यात गैर काय आहे?

ही मागणी तातडीची आहे. नांदुरा तालुक्यात पूर्णेवर जिगावचे धरण हाती घेतले गेले आणि भोनची जागा त्याच्या बुडीत क्षेत्रात येते. स्तूप वाचवा, अशी मागणी बौद्ध समाजातून व अभ्यासकांतून झाली. ती रास्त आहे. पण धरणाला नुसता विरोध करून भागणार नाही. पूर्णेचे खोरे म्हणजे खारपाणपट्टा. तेथील विहिरीचे पाणी खारट. ते पिऊन संग्रामपूर, जळगाव जामोद भागात मूत्रपिंडाच्या विकारांनी माणसे खंगली. गोड्या पाण्याची वाट पाहणाऱ्यांत आपलीही घरे आहेत. जिवंत माणसाच्या तहानेपुढे विटांची बाजू मांडताना शब्द जपून वापरावे लागतात. भगवंतांनीही भुकेल्याला आधी जेवू घालून मग धम्म सांगितल्याची कथा आहे.

तरी पाणी आणि स्तूप यांतून एकच निवडावे लागते, हेही खरे नाही. आंध्रात कृष्णा नदीवर नागार्जुनसागर धरणाचा पाया १९५५ साली घातला गेला. त्या दरीत नागार्जुनकोंडा हे स्तूप-विहारांचे मोठे नगर होते. पाणी येण्यापूर्वी, १९५४ ते १९६० या काळात, सारी दरी खणून, मोजून, नोंदवून घेतली गेली. निवडक वास्तू जलाशयात बेट झालेल्या टेकडीवर आणि काठावर अनुपू येथे पुन्हा उभारल्या आणि बेटावर संग्रहालय केले. नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेब लाखोंना दीक्षा देत होते, त्याच काळात तिकडे कृष्णेच्या काठी बुद्धाच्या वास्तू पाण्यातून सोडविण्याचे काम चालले होते. मातीच्या सांध्यातील जुनी वीट दगडापेक्षा नाजूक, हलवायला कठीण, हे मान्य. पण संपूर्ण उत्खनन, प्रत्येक विटेची नोंद, त्याच मापाची प्रतिकृती आणि जिल्ह्यातच मराठी पाट्यांचे संग्रहालय, एवढे तरी पाण्याआधी व्हायलाच हवे. धरणाच्या खर्चात त्याचा भार तो काय?

हे सरकारने आणि विद्यापीठाने करायचे. आपल्या घरानेही काही करायचे आहे. भोनला सहल न्याल तर टेकाडावर काही खणू नका, खापर उचलून आणू नका, विटांवर रंग किंवा फुलांचा चिखल करू नका. दुरून वंदना करा आणि मुलांना थर दाखवा.

आणि एक दुसरे टेकाड घराघरात आहे, तेही दिवसेंदिवस बुडते आहे. ज्यांनी १९५६ साली किंवा नंतरच्या दीक्षा-समारंभांत स्वतः भाग घेतला ती माणसे आता ऐंशी-नव्वदीच्या घरात आहेत. गावात दीक्षा कधी झाली, पोतराज कोणी सोडला, देव्हारा कोणी नदीत सोडला, त्यानंतर विहिरीवर काय झाले, कोणाचे काम बंद पडले, हे त्यांनाच ठाऊक. कॉलेजात जाणाऱ्या मुलाला वही देऊन आजीपुढे बसवा. सांगणारीचे नाव, वय, गाव आणि तारीख वर लिहावी. ती बोलेल त्या शब्दांत, त्याच बोलीत उतरावे; शुद्ध करू नये. साल आठवत नसेल तर कोणता दुष्काळ, कोणाचे लग्न, असे विचारून जवळ यावे. तीच गोष्ट दुसऱ्या वडीलधाऱ्यालाही विचारावी आणि दोघांचे जुळले नाही तर दोन्ही लिहून ठेवावे. जुनी वर्गणीची पावती, सभेचे पत्रक, फोटो असेल तर त्यामागे नावे पेन्सिलीने लिहावीत. शाई कागदात उतरते. मूळ कागद घरीच ठेवावेत, नक्कल जवळच्या कॉलेजच्या इतिहास विभागात द्यावी आणि ती मिळाल्याची सही घ्यावी.