गाडीला रस्ता दाखवणारे यंत्र कसे निवडावे

मुलांनो, मैत्रिणींनो आणि शाळा पाहायला आलेल्या काका-काकूंनो, हा पाठ पुस्तकातला नाही. आमच्या घरी एक यंत्र चुकून आले आणि दुसरे नीट पाहून घेतले. मधल्या दिवसांत गुरुजींनी जे समजावले आणि आम्ही मैदानावर जे करून पाहिले ते मी येथे लिहिले आहे. गुरुजी म्हणाले, भित्तिपत्रकावर लाव, आता गावात बऱ्याच जणांकडे मोटारी झाल्या आहेत, कोणाचे तरी पैसे वाचतील.

आधी काय झाले ते सांगते. गेल्या श्रावणात आमची आजी पाचोरा तालुक्यात आत्याकडे गेली होती. आजीला दम्याचा त्रास आहे. रात्री साडेदहाला आत्याचा फोन आला, आजीचा दम औषधाने उतरत नाही. बाबांनी लगेच गाडी काढली. मी झोपले नव्हते म्हणून मीही बसले. आजीला घेऊन जळगावच्या दवाखान्यात जायचे होते. आत्याच्या गावाकडून जळगावचा रस्ता बाबांच्या पायाखालचा नाही, म्हणून त्यांनी फोनवर रस्ता लावला. फोनने एक जवळची वाट दाखवली. चार किलोमीटर वाचत होते. बाबा वळले.

थोडा वेळ डांबर होते, मग मुरूम, मग काळी माती. ती पाणंद होती. श्रावणातली काळी माती कशी असते ते तुम्हाला माहीतच आहे. मागची दोन्ही चाके रुतली. बाबांनी फोन पाहिला तर नेट गेलेले. पडद्यावर फक्त निळा ठिपका होता आणि त्याच्या भोवती सगळे कोरे. आजी खिडकीला धरून बसली होती, मी तिची पाठ चोळत होते. ती मला म्हणाली, "हाई काय शे वं, वावर शे का रस्ता?" बाबा चिखल तुडवत एका मळ्यात गेले, तिथल्या काकांनी ट्रॅक्टर आणून गाडी ओढली. यात दोन तास गेले. जळगावला पोचल्यावर आजीला ऑक्सिजन लावला. चार दिवसांनी ती घरी आली आणि आता बरी आहे. पण बाबा त्या रात्रीबद्दल अजूनही बोलत नाहीत.

बाबांनी ठरवले की फोनचे काम नको, गाडीला खरे यंत्रच बसवायचे. ते एका दुकानात गेले आणि म्हणाले, "जीपीएस द्या." दुकानदाराने दिले. दोन हजार सातशे रुपये. ते पैसे कपाशीच्या खताचे होते. यंत्र म्हणजे काड्यापेटीपेक्षा थोडा मोठा काळा डबा, त्याला वायरी, पडदा नाहीच. मेकॅनिकने तो डबा स्टेअरिंगच्या खाली आत बसवून टाकला आणि सांगितले, फोनवर दिसेल. घरी येऊन आम्ही सगळे फोनभोवती जमलो. फोनवर काय दिसले? आमची गाडी आमच्याच अंगणात निंबाखाली उभी आहे! आबा म्हणाले, "हे तर मला ओट्यावरून दिसतं."

दुकानदार खोटे बोलला नव्हता. तोही जीपीएसच होता. पण तो गाडी कुठे आहे हे मालकाला सांगणारा डबा होता, त्याला ट्रॅकर म्हणतात. गाडी चालवणाऱ्याला रस्ता दाखवणारे यंत्र वेगळे. बाजारात दोघांनाही जीपीएसच म्हणतात, हीच सगळी गडबड आहे. ट्रॅकर वाईट नसतो. १ जानेवारी २०१९ पासून नोंदलेल्या प्रवासी भाड्याच्या नव्या गाड्यांना असे यंत्र आणि संकटात दाबायचे बटण लावण्याचा सरकारी नियम झाला. पण आम्हाला तो नको होता. शिवाय त्यात सिमकार्ड असते, त्याचा खर्च दरवर्षी निराळा.

मी हे वर्गात सांगितले तेव्हा गुरुजींनी फळ्यावर तीन शब्द लिहिले. उपग्रह, नकाशा, नेट. ते म्हणाले, "ही तीन वेगळी कामे आहेत. दुकानात गेल्यावर विचारायचे, या डब्यात यांतले काय आहे आणि काय नाही?" माझ्या मते सगळ्या पाठात हेच लक्षात ठेवण्यासारखे आहे, म्हणून एकेक सांगते.

उपग्रह कसा जागा सांगतो, हे आम्ही मैदानावर केले. तुम्हीही करून पाहा. लांब दोरी आणि चुन्याची फक्की लागते. एका मुलाला मैदानात उभे करून त्याच्या पायाखाली खूण केली आणि झेंड्याच्या खांबापासून, निंबापासून आणि हापशीपासून तो किती दूर आहे ते तीन दोऱ्यांनी मोजून घेतले. मग त्याला बाजूला केले, खूण पुसली आणि बाहेर थांबलेल्या मुलांना बोलावून फक्त त्या तीन दोऱ्या दिल्या. त्यांनी खांबाभोवती पहिली दोरी ताणून फक्कीने गोल काढला. तो मुलगा या गोलावर कुठेतरी असणार. निंबाभोवती दुसरा गोल काढला. दोन गोल दोन ठिकाणी एकमेकांना कापतात. एक जागा मैदानात आली आणि दुसरी शौचालयाच्या दारात. सगळे हसले. तिसरा गोल हापशीभोवती काढला, तो मैदानातल्या जागेवरून गेला. तीच जागा बरोबर होती.

आकाशात खांब, निंब आणि हापशीच्या जागी उपग्रह आहेत. अमेरिकेने पहिला जीपीएस उपग्रह १९७८ साली सोडला आणि १९९५ मध्ये ही व्यवस्था पूर्ण झाली. मराठीत तिला जागतिक स्थाननिश्चिती प्रणाली म्हणतात. त्यासाठी निदान चोवीस उपग्रह लागतात. ते सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून दिवसातून दोन वेळा पृथ्वीभोवती फिरतात. तेवढी लांब दोरी कुठून आणणार? म्हणून तिथे वेळ मोजतात. उपग्रह सारखा सांगत असतो की मी अमुक आहे, इथे आहे आणि आता इतके वाजले. हा संदेश रेडिओ लहरींवरून येतो. त्या सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर धावतात. डोक्यावरच्या उपग्रहाकडून संदेश यायला सेकंदाचा साधारण पंधरावा भाग लागतो. किती वेळ लागला यावरून यंत्र अंतर काढते.

घड्याळ जर सेकंदाच्या हजाराव्या भागाने चुकले तर अंतर ३०० किलोमीटरने चुकेल. म्हणजे आपण एरंडोलच्या बसस्टँडवर आणि यंत्र म्हणणार मुंबईच्या जवळपास! म्हणून उपग्रहात अणुघड्याळ असते. आपल्या फोनात तेवढे चांगले घड्याळ नसते, त्याची चूक काढायला चौथा उपग्रह लागतो. मैदानावर तीन पुरले, आकाशात चार लागतात.

आपल्या भारताचेही असे उपग्रह आहेत. इस्रोने १ जुलै २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून पहिला सोडला आणि २८ एप्रिल २०१६ रोजी सातवा. त्या व्यवस्थेला नाविक असे नाव मिळाले. त्यांतल्या काही उपग्रहांची घड्याळे बिघडली, म्हणून २९ मे २०२३ रोजी नवा उपग्रह पाठवला, त्यात भारतात बनवलेले अणुघड्याळ आहे. जानेवारी २०२५ मध्ये आणखी एक सोडला, पण तो ठरलेल्या कक्षेत पोचू शकला नाही. रशिया, युरोप आणि चीन यांचेही स्वतःचे उपग्रह आहेत. नवे फोन यांतल्या दोन-तीन व्यवस्था एकदम ऐकतात.

फोन ऐकतो असे मी मुद्दाम लिहिले. तो उपग्रहाला काही बोलत नाही. आपण कुठे आहोत हे उपग्रहाला कळत नाही, फक्त आपल्याला कळते. ऐकण्याला पैसे पडत नाहीत आणि नेटही लागत नाही. त्या रात्री निळा ठिपका शेवटपर्यंत बरोबर होता तो यामुळे. मोकळ्या आकाशाखाली फोन साधारण पाच मीटरपर्यंत बरोबर सांगतो. २००० सालच्या मे महिन्यापर्यंत अमेरिका साध्या लोकांसाठी मुद्दाम शंभर मीटरपर्यंत चूक ठेवत असे, नंतर ती काढून टाकली. पाच मीटर म्हणजे आपल्या वर्गाच्या रुंदीएवढे. महामार्ग आणि कडेचा सर्व्हिस रोड यांत यंत्राचा गोंधळ होतो तो यामुळेच.

दुसरे काम नकाशाचे. उपग्रह एवढेच सांगतो की तू २०.९ उत्तर अक्षांश आणि ७५.३ पूर्व रेखांशावर आहेस. हे एरंडोल आहे, इथून पारोळ्याला रस्ता जातो, हे नकाशा सांगतो आणि नकाशा माणसे बनवतात. भारताचे सर्वेक्षण खाते १७६७ सालापासून नकाशे काढते आहे. मोटारीत लागणारे आपल्या देशाचे नकाशे दिल्लीच्या मॅपमायइंडिया कंपनीने १९९५ पासून बनवायला घेतले. नकाशावर एक रेघ असते. ती रेघ डांबराची आहे की पाणंद आहे आणि श्रावणात तिथे काय होते, हे कोणी तिथे लिहिले नसेल तर यंत्राला कळणार नाही. आम्हाला उपग्रहाने फसवले नाही, त्या रेघेने फसवले.

नकाशाला विचारताना गावाबरोबर तालुका सांगावा. आपल्या जवळचे रेल्वे स्टेशन म्हसावद जळगाव तालुक्यात आहे. दुसरे म्हसावद नंदुरबार जिल्ह्यात शहादा तालुक्यात आहे. आणि सातारा जिल्ह्यात म्हसवड आहे. घाईत एकाच्या जागी दुसरे दाबले तर लग्न लागून जाईल. बुद्रुक आणि खुर्द यांचेही तसेच. आबा अजून महामार्गाला सहा नंबर म्हणतात, पण नकाशात त्याचा नंबर ५३ आहे.

तिसरे काम नेटचे. फोन नकाशा थोडा थोडा नेटवरून आणतो. नेट गेले की ठिपका राहतो आणि नकाशा जातो.

आता बाबांनी काय काय पाहिले ते सांगते. काचेवर चिकटणारे वेगळे यंत्र एका नातेवाइकांकडे होते. त्याच्या पोटातच नकाशा असतो, नेट लागत नाही, हे मला फार आवडले. पण त्यातला नकाशा कोणी बदललाच नव्हता. महामार्ग चौपदरी झाला आहे हे त्याला माहीत नव्हते, म्हणून नव्या रस्त्यावर आमची गाडी वावरातून चालली आहे असे ते दाखवत होते. असे यंत्र घ्यायचे तर नवा नकाशा कसा भरायचा आणि त्याचे पैसे पडतात का, हे आधीच विचारावे. मग पडदा असलेला स्टिरिओ पाहिला. दिसायला झकास, पण नऊ हजार रुपये, आणि नेट आपल्याच फोनचे लागणार. दुपारच्या उन्हात त्यावर काही दिसेना.

सगळ्यांत पहिल्या यंत्राची गंमत गुरुजींनी सांगितली. १९८१ साली जपानच्या होंडा कंपनीने मोटारीत रस्ता दाखवणारे यंत्र बसवले होते, तेव्हा त्यात उपग्रहाचे कामच नव्हते. गाडी कोणीकडे वळली आणि किती चालली हे ते मोजत असे, आणि पडद्यापुढे पारदर्शक नकाशा हाताने सरकवावा लागे.

शेवटी बाबांनी जुनाच फोन ठेवला आणि साडेतीनशे रुपयांचा स्टँड घेतला. पण या वेळी जळगाव आणि धुळे जिल्ह्यांचा नकाशा घरीच फोनात उतरवून ठेवला. मग आम्ही परीक्षा घेतली. फोन विमान मोडवर टाकून पद्मालयाला गेलो. जंगलातही ठिपका चालत राहिला आणि नकाशाही राहिला. फक्त पुढे गर्दी आहे का ते कळत नाही, त्याला नेटच लागते. उतरवलेला नकाशा मधून मधून नवा करावा लागतो, ते काम माझ्याकडे आहे. स्टँड काचेच्या खालच्या कोपऱ्यात लावला, मध्ये लावला की समोरचे झाकते. १ ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमाप्रमाणे गाडी चालवताना फोन फक्त रस्ता पाहायला वापरता येतो, तेही लक्ष विचलित न होता. म्हणून पत्ता गाडी सुरू करण्याआधीच लावायचा. उन्हाळ्यात फोन काचेजवळ तापून बंद पडतो, तेव्हा आई त्याच्यावर ओला रुमाल धरते. हे बरोबर आहे का माहीत नाही, मी नको म्हणते.

काळा डबा काढून बाबांनी मामांच्या मालवाहू गाडीला दिला. मामा कांदे घेऊन लांब जातात, मामी घरी बसून त्यांची गाडी पाहते. खताचे पैसे थोडे थोडे परत येत आहेत.

दिवाळीत आम्ही आजीला घेऊन पुन्हा आत्याकडे गेलो. परत येताना फोनने तीच जवळची वाट दाखवली. बाबा सरळ डांबरावरून गेले. बाई आतून तीनदा म्हणाली, मागे वळा. आजीला राग आला, ती फोनला म्हणाली, "तूच जाय तठे!" थोडे पुढे गेल्यावर बाईने मुकाट्याने नवा रस्ता काढला.

नकाशातली चूक कोणालाही कळवता येते. मी आणि बाबांनी त्या पाणंदेवर बोट ठेवून लिहिले की येथे पावसाळ्यात मोटार जात नाही, आणि चिखलाचा फोटो जोडला. अजून ती रेघ तशीच आहे. मी दर रविवारी पाहते.

— इयत्ता ४ थी