राहुलाचा तांब्या : बालवयातील मुलांसाठी ‘पाणी’ या विषयाचा पाठ



आमच्या टिटवाळ्यात चतुर्थीला, आणि अंगारकीला तर विशेषच, स्टेशनपासून गणपतीच्या देवळापर्यंत माणसांची रीघ लागते. हारफुले, पेढे, फुगे, पिपाण्या. नवदीक्षित घरातले पाच वर्षांचे मूल दारात उभे राहून हे सारे पाहते आणि विचारते, “आपण का नाही जायचं?” आईबाप सांगतात, “आपण बौद्ध आहोत.” उत्तर खरे आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला परमपूज्य बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत गौरी-गणपतीची उपासना न करण्याची प्रतिज्ञा आहे आणि ती आपण समजून-उमजून घेतली आहे. परंतु त्या मुलाने काही प्रतिज्ञा घेतलेली नाही. त्याची फक्त पिपाणी गेली. तिच्या जागी हाताला दुसरे काही मिळाले नाही, तर धम्म म्हणजे ‘नाही’ एवढेच त्याच्या मनात राहील.

यावर बहुतेक घरांत पाठांतराचा उपाय करतात. त्रिसरण-पंचशील मुलाला तोंडपाठ असते, पाहुण्यांपुढे म्हणून दाखवले जाते. ते असावेच. पण मी पहिलीच्या वर्गाला शिकवते. न अडखळता पंचशील म्हणणारे मूल पाच मिनिटांनी शेजारच्याची पेन्सिल घेऊन “मी नाही घेतली” म्हणते, हे मी अनेकदा पाहिले आहे. यात मुलाचा दोष नाही. शब्द ओठांवर आले, हाताला काही शिकवलेच नाही.

हाताने शिकवणे आपल्याकडे नवे नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी मुलांमध्ये गेले. हा मुलूख तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता, २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात आहे. मॉन्टेसरी पद्धतीची विकतची साधने गरिबाला परवडणारी नव्हती, म्हणून त्यांनी बिया, शिंपले, पाने, मातीची भांडी यांनाच साधने केले. आपल्याला यातले एवढेच उचलायचे आहे : एक विषय घ्यावा आणि पंधरा दिवस घरातल्या वस्तूंनी तोच खेळावा. मी ‘पाणी’ हा विषय सुचवते.

त्याचा पहिला धडा खुद्द भगवान बुद्धांचा आहे. राहुल तेव्हा सात वर्षांचा होता, असे अट्ठकथा सांगते. भगवान त्याच्याकडे आले तेव्हा त्याने आसन मांडले, पाय धुवायला पाणी ठेवले. पाय धुऊन झाल्यावर भगवंतांनी भांड्यात थोडेसे पाणी मुद्दाम राहू दिले आणि ते राहुलाला दाखवले. जाणूनबुजून खोटे बोलण्याची ज्याला लाज वाटत नाही, त्याचे श्रमणपण एवढेसेच. मग ते पाणी फेकले, भांडे पालथे घातले, पुन्हा सरळ करून रिकामे दाखवले, आणि प्रत्येक वेळी तीच गोष्ट सांगितली. शेवटी विचारले, आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी, असे राहुल म्हणाला. तसेच कोणतेही काम करण्याआधी, करताना आणि केल्यावर पाहावे. सम्राट अशोकाने बैराटच्या शिलालेखात भिक्खूंनी आणि उपासकांनी वरचेवर ऐकावीत अशी सात धम्मवचने नमूद केली, त्यांत राहुलाला केलेला हा उपदेश आहे. एवढा थोर पाठ, आणि साधन काय, तर पाय धुण्याचे भांडे!

घरी हे तांब्याने करावे. आधी मोठ्यांनी करून दाखवावे, शक्यतो न बोलता, मग तांब्या मुलाच्या हातात द्यावा. ते दहा वेळा पाणी ओतेल, फरशी ओली करील, करू द्यावी. एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. मूल खोटे बोलताना सापडले त्याच दिवशी तांब्या काढू नये. तसे केले की तांब्याची छडी होते.

दुसरा धडा रोहिणी नदीचा. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण शाक्य आणि कोलीय यांच्यातील रोहिणीच्या पाण्याचा तंटा हे दिले आहे. सिद्धार्थाने युद्धाला विरोध केला, पण संघात बहुमत त्याच्या विरुद्ध गेले. अंगणात मातीची दोन वावरे करावीत, मध्ये बोटाने पाट ओढावा. जागा नसेल तर दोन करवंट्या चालतील. दोन्हींत मेथी पेरावी, दोन मुलांना एकेक वावर द्यावे आणि रोज दोघांत मिळून एकच वाटी पाणी. भांडण होईल. ते लगेच मिटवायला धावू नये. माझ्या अनुभवात तिसऱ्या-चौथ्या दिवशी मुले स्वतःच पाणी मोजायला दुसरे भांडे शोधतात, आणि निम्मे म्हणजे काय हे गणिताच्या पुस्तकाआधी शिकतात. गोष्ट त्यानंतर सांगावी.

पिंपळाचे पान पंधरा दिवस किंवा थोडे अधिक पाण्यात भिजत ठेवावे, पाणी मधूनमधून बदलावे. हिरवा गर सुटला की हलक्या बोटांनी चोळून काढावा, जाळी उरते. ज्या झाडाखाली बोधी प्राप्त झाली त्याचे पान मुलाने उजेडात धरून नीट पाहावे, एवढेच. पानाला हळदकुंकू वाहू नये, हे काही घरांना सांगावे लागते म्हणून लिहिले. काय तरंगते, काय बुडते, एका तांब्यात किती पेले मावतात, हे खेळ तर कोणीही घेईल. काळू नदी जवळ आहे म्हणून मुलांना तिथे पाठवू नका, घमेले पुरे.

शेवटचा धडा आजीचा. विहारात रविवारी मुलांना जमवून आम्ही एका वृद्ध उपासिकेला विचारले, लहानपणी गावात पाणी कसे मिळायचे? त्या म्हणाल्या, विहिरीपासून लांब घागर ठेवून उभे राहायचे, कोणी दया केली तर वरून ओतायचा. तहान लागली तर ओंजळ धरायची. एका सहा वर्षांच्या मुलीला हे समजेना, म्हणून आजींनी तिच्याच हातात तांब्या दिला आणि स्वतः ओंजळ धरून खाली बसल्या. मुलीने उंचावरून पाणी सोडले. निम्मे बाहेर गेले, आजींचे लुगडे भिजले. मुलगी घाबरून म्हणाली, “आजी, सगळं सांडलं. पेल्यानं का नाही प्यायचीस?”

आजी हसल्या, पण त्यांना लगेच बोलता येईना. मोठी माणसे खाली पाहू लागली. त्या मुलीने स्वतःचा पेला भरला, त्यांच्यापुढे धरला आणि उरलेले पाणी आपण प्यायली.

चवदार तळ्याची गोष्ट मी त्या दिवशी सांगितली नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी का घेतले, हे आता त्या मुलांना सांगता येईल. येत्या २० मार्चला प्रत्येक मुलाने आपापल्या घरून तांब्याभर पाणी आणावे, विहारात ते एकाच माठात ओतावे, आणि एकाच पेल्याने सर्वांनी प्यावे असे ठरवले आहे. शेजारपाजारच्या, बौद्ध नसलेल्या घरांतील मुलांनाही बोलवा. माठ आमच्याकडे आहे, पेला कोणीतरी मोठा आणावा.