शांतीच्या दिवसांतील शिक्षण

एका गावात राहणे आणि एकमेकांचे शेजारी होणे, ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. ह्याविषयी भिवंडी शहराचा इतिहास फार बोधप्रद आहे.

भिवंडी हे यंत्रमागांचे गाव. हिंदू व मुसलमान एकाच धंद्यात गुंतलेले. तरी 1970 व 1984 साली तेथे भयंकर दंगे होऊन पुष्कळ लोक प्राणांस मुकले. तेव्हा केवळ पोटाचा संबंध माणसांस जोडून ठेवण्यास पुरा पडत नाही. शाळांचे म्हणावे, तर मराठी, उर्दू अशा निरनिराळ्या माध्यमांतून मुले वेगवेगळी शिकतात. अक्षरांची ओळख होते, परंतु परस्परांची होतेच असे नाही.

1988 मध्ये सुरेश खोपडे हे पोलीस उपायुक्त म्हणून तेथे आले. त्यांनी मोहल्ल्यामोहल्ल्यांत मिळून सुमारे 70 समित्या स्थापिल्या. त्यांत दोन्ही समाजांची सामान्य माणसे व पोलीस एकत्र बसत आणि शेजाऱ्यांची भांडणे, सणांच्या मिरवणुका अशा रोजच्या गोष्टींचा विचार करीत. पुढे डिसेंबर 1992 व जानेवारी 1993 मध्ये मुंबईतील दंग्यांत सुमारे 900 माणसे मेली. परंतु जवळच असलेली, पूर्वी दोनदा पोळलेली भिवंडी शांत राहिली.

ह्याचे मर्म काय? शेजाऱ्यास इजा करू नये, हे दोन्ही समाज आपापल्या घरी शिकलेच होते. परंतु घरी शिकलेली नीती बहुधा आपल्याच लोकांपुरती राहते. एकत्र बसण्याच्या नित्य अभ्यासाने ती परक्याच्या दारापर्यंत पोहोचते, असे आम्हांस वाटते. अफवा उठली असता पलीकडे कोणास विचारावे, हे ज्यास ठाऊक आहे, तो हाती दगड घेण्यापूर्वी थांबतो.

तथापि हा अभ्यास एकदा करून संपत नाही. 2006 साली पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून भिवंडीत लोक व पोलीस ह्यांच्यांत रक्तपात झाला. विहीर वरचेवर उपसली नाही तर गाळ भरतोच.

उपदेशक व शिक्षक बंधूंनो, आपणही आपल्याच वाड्यात बसून प्रीतीचे धडे देतो, हा आमचाही दोष आहे. तो शांतीच्या दिवसांतच सुधारावा. आग लागल्यावर ओळख करून घेण्यास सवड नसते.

विचारार्थ प्रश्न
1. दुसऱ्या समाजातील किती शेजाऱ्यांस आपण नावाने ओळखतो?
2. गावातील कोणते काम सर्वांनी एकत्र बसून करता येईल?
3. अफवा कानी आल्यास आपण प्रथम कोणाकडे जाऊ?