डोळे मिटले की तोल का जातो?

गेल्या पावसाळ्यात पारोळ्याकडचे साठीतले एक शेतकरी दवाखान्यात आले. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, दिवसा ठीक चालतो. पण रात्री शेतातून येताना, नाहीतर तोंडाला साबण लावून डोळे मिटले की तोल जातो. पाय कापसावर पडल्यासारखे वाटतात. चप्पल निघून गेली तरी कळत नाही." मधुमेह बारा वर्षांचा.

वाचकहो, डोळे मिटून बोट नाकाच्या शेंड्याला लावून पाहा. बोट बरोबर पोचते. हात कुठे आहे हे न पाहता कसे कळले? आपल्या स्नायूंत, स्नायुबंधांत आणि सांध्यांत ताण ओळखणारी सूक्ष्म संवेदनाग्रे असतात. ती मज्जातंतूंमार्फत मेंदूला सतत वर्दी देतात. मधुमेहाने किंवा ब-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने हा मार्ग बिघडला की माणूस केवळ डोळ्यांच्या भरवशावर चालतो. अंधार झाला की पडतो.

ही वर्दी बाहेरून देता येईल का? १९७२ साली ऑक्सफर्डच्या गुडविन, मॅक्लॉस्की व मॅथ्यूज यांनी दंडाच्या स्नायुबंधावर सेकंदाला सुमारे १०० वेळा थरथरणारे यंत्र धरले. डोळे बांधलेल्या माणसाला स्थिर हातही सरळ होत असल्याचा भास झाला! स्नायू ताणला जातोय, असा मेंदूचा समज झाला. याच तत्त्वावर २०१८ साली अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे हात तुटलेल्या रुग्णांच्या उरलेल्या स्नायूंना कंप देण्यात आला, तेव्हा कृत्रिम हाताची मूठ मिटल्याचे त्यांना न पाहता जाणवले.

आपल्याला एवढ्या यंत्राची गरज नाही. १९९४ साली जेका व लॅकनर यांनी दाखवले, की बोटाचे टोक स्थिर वस्तूला नुसते हलके टेकवले तरी शरीराचे डोलणे कमी होते. तेवढ्या स्पर्शाने वजन पेलले जात नाही; शरीर किती हलले एवढी बातमी मिळते. मधुमेहात बहुधा आधी पाय बधिर होतात, हात बरेच दिवस शाबूत राहतात. म्हणून काठी! पायाची बातमी ती हाताला सांगते.

आमच्या रुग्णाला काठी म्हणजे म्हातारपण वाटे. समजूत पटल्यावर त्यांनी ती घेतली. साखर आटोक्यात आणली, ब-१२ कमी निघाले, त्याचे उपचार केले. त्यानंतर ते पडलेले नाहीत.

पाय बधिर होत असतील तर एवढे करा: साखर व ब-१२ तपासून घ्या, इंजेक्शने मनाने घेऊ नका. डॉक्टरांकडून कंपकाट्याने पायाची संवेदना तपासून घ्या. रोज तळवे पाहा. अनवाणी फिरू नका. रात्री दिवा ठेवा, न्हाणीघरात भिंतीला दांडी बसवा. तोंड धुताना एक हात भिंतीला टेकवा. तोल अचानक जाऊ लागला, बोलणे अडखळले किंवा एक बाजू लुळी पडली, तर मात्र वाट न पाहता तडक रुग्णालय गाठा.