ओठावरील फोड व घरचे उपाय

वैशाखात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो तेव्हा, किंवा तापातून उठल्यावर, कित्येकांच्या ओठांच्या कडेस पाण्याचे बारीक फोड येतात. अंगातील उष्णता बाहेर पडली, असे लोक म्हणतात. हे अर्धेच खरे आहे. फोडांचे मूळ हर्पिस नामक विषाणू होय. तो बहुधा बालपणीच शरीरात शिरून मज्जातंतूंत निजून राहतो, व ताप, कडक ऊन किंवा शीण यांनी जागा होतो.

म्हणून घरातील पदार्थ आग शमवितात, विषाणूस मारीत नाहीत. ठेचा, शेवभाजी व लोणचे काही दिवस दूर ठेवावे. रावेर-यावलकडील पिकलेले केळे किंवा मऊ खिचडी सुखाने खाववते. थंड पाण्यात भिजविलेले स्वच्छ फडके फोडांवर धरावे. खपली फाटू नये म्हणून तूप लावावे. चुना किंवा मोरचूद मुळीच लावू नये. त्याने कातडी पोळते. फोड बहुधा सात ते दहा दिवसांत आपोआप बरे होतात, आणि यश मात्र शेवटी लावलेल्या औषधास मिळते!

एक गोष्ट आम्ही आग्रहाने सांगतो. फोड असणाऱ्याने तान्ह्या बाळाचा मुका घेऊ नये, मग ती सख्खी आजी का असेना. पहिल्या महिन्यात हा विषाणू बाळाच्या जिवावर बेततो. मातेच्याच ओठावर फोड असल्यास तिने तोंडास फडके बांधून व हात साबणाने धुऊन बाळास पाजावे. दूध तोडू नये. बाळ पिईनासे होऊन सुस्त पडल्यास, किंवा कोणाचाही डोळा लाल होऊन दुखू लागल्यास, त्याच दिवशी जळगाव किंवा धुळे येथील सरकारी रुग्णालय गाठावे.