कॉम्प्युटरच्या कोटेशनमध्ये एसएमपीएसचं नाव लिहून घ्या

मागच्या व्हिडिओत आपण झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मच्या दुकानासाठी कॉम्प्युटर निवडला. प्रोसेसर, रॅम, एसएसडी सगळं बोललो, एसएमपीएस मात्र घाईत राहिला. हा डबा 230 व्होल्टची एसी वीज घेतो आणि मशीनला 12, 5 आणि 3.3 व्होल्ट डीसी देतो.

माझी चूक सांगतो. पहिलं दुकान टाकलं तेव्हा कॅबिनेटसोबत 'फुकट' आलेला एसएमपीएस मी तसाच चालवला. जून महिना, ॲडमिशनची गर्दी, दारात पोरं आणि पालक उभे. लाईट जाऊन आली आणि फट्ट आवाज! मदरबोर्ड गेला, हार्ड डिस्कही गेली. तिच्यात सहा महिन्यांची उधारी होती, बॅकअप नव्हता. कोणाकडून किती येणं आहे हे मी गिऱ्हाइकांनाच विचारत फिरलो. वाचवले होते हजार-दीड हजार रुपये.

आता दुकानात गेलात की डब्यावरचं मोठ्या अक्षरातलं '450 वॉट' सोडा, बाजूचं बारीक स्टिकर वाचा. 12 व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत? त्याला 12 ने गुणा. 16 अँपिअर असतील तर झाले फक्त 192 वॉट! प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डचा बहुतेक भार याच 12 व्होल्टवर असतो, म्हणून खरी ताकद तीच. 450 वॉटच्या चांगल्या एसएमपीएसला इथे साधारण 35 अँपिअर दिसले पाहिजेत.

मग '80 प्लस' बघा. म्हणजे 20, 50 आणि 100 टक्के भारावर किमान 80 टक्के कार्यक्षमता. पण हे वीज किती वाया जाते त्याचं सर्टिफिकेट आहे, मशीन वाचवण्याचं नाही. त्यासाठी ओव्हर व्होल्टेज आणि शॉर्ट सर्किट प्रोटेक्शन वेगळं विचारा.

किती वॉटचा? ग्राफिक्स कार्ड नसेल तर 400-450 भरपूर झाला. फ्लेक्स डिझाइनिंगसाठी कार्ड टाकणार असाल तर कार्डाची कंपनी सांगते तेवढा घ्या.

आणि हो, कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात का? बरेच जण एसएमपीएस बदलायला धावतात, पण बहुतेक वेळा दुकानाला अर्थिंगच नसतं. आधी वायरमनला बोलवा. एसएमपीएस स्वतः उघडू नका, बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये करंट राहतो.

डीलर कोटेशनमध्ये नुसतं 'कॅबिनेट विथ एसएमपीएस' लिहितो. तिथे कंपनी, मॉडेल आणि वॉरंटीची वर्षं लिहायला सांगा, जीएसटी बिलावर सिरीयल नंबर घ्या. तो टाळाटाळ करायला लागला तर कॅबिनेट त्याच्याकडून घ्या, एसएमपीएस दुसरीकडून.