गावाचे उद्यान आणि त्याचा अक्षय निधी

गावातील मोकळ्या जागेवर सार्वजनिक उद्यान करावयाचे ठरले, म्हणजे पहिल्या वर्षी पैशाची अडचण सहसा पडत नाही. कोणी कमान देतो, कोणी आईवडिलांच्या स्मरणार्थ बाके देतो, एखादी सहकारी संस्था कुंपणाचा खर्च उचलते. वृक्षारोपण समारंभपूर्वक होते. खरी परीक्षा तिसऱ्या उन्हाळ्यात असते. विहिरीने तळ गाठलेला असतो, पंपाचे वीजबिल थकलेले असते आणि माळ्याचे वेतन कोणत्या खात्यातून द्यावयाचे याचे उत्तर कोणापाशीच नसते. देणगीदाराचे नाव कोरलेली संगमरवरी पाटी तेवढी शाबूत राहते. पाटीमागचे झाड वाळून गेलेले असते.

हा दोष दातृत्वाच्या अभावाचा नाही. विहिरी, घाट, धर्मशाळा, पाणपोया आणि रस्त्याकडेची झाडे लोकांनी लोकांसाठी करावीत, ही परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. देवरायांचे रक्षण तर गावांनी पिढ्यान्‌पिढ्या केले. मात्र जुन्या काळी देवस्थानाला दान देणारा पुष्कळदा दिवाबत्तीसाठी जमिनीचे उत्पन्नही लावून देत असे. बांधणी आणि राखणी यांचा विचार एकत्र होत असे. आज आपण बांधणीसाठी देतो आणि राखणी शासनावर सोडतो.

मुंबईच्या राणीच्या बागेचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे. ही बाग १८६२ मध्ये खुली झाली. तिची उभारणी पश्चिम हिंदुस्थानच्या अ‍ॅग्रि-हॉर्टिकल्चरल सोसायटीने केली होती. बागेच्या आवारातील वस्तुसंग्रहालयासाठी नागरिकांनी वर्गणी उभारली. त्या खटपटीत जगन्नाथ शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी लाड हे अग्रभागी होते. तो काळ कापसाच्या तेजीचा होता आणि मुंबईत पैसा वाहत होता. १८६५ मध्ये ती तेजी कोसळली, अनेक पेढ्या बुडाल्या आणि वस्तुसंग्रहालयाचे काम रखडले. पुढे सरकारने हातभार लावल्यावर ते पूर्ण होऊन १८७२ मध्ये लोकांसाठी खुले झाले. १८७३ मध्ये बाग नगरपालिकेकडे आली. आज ती वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान म्हणून ओळखली जाते आणि महानगरपालिका तिचा सांभाळ करते. तेजीच्या वर्षात दिलेल्या शब्दावर दीर्घकाळ चालणारे काम उभे करणे किती धोक्याचे असते, हे या उदाहरणावरून दिसते. पुण्याचे एम्प्रेस गार्डन हे याच नावाच्या सोसायटीचे दुसरे उद्यान. त्याचे व्यवस्थापन मात्र आजही सोसायटीच पाहते आणि दरवर्षी प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास तेथे भरणारे पुष्पप्रदर्शन लोकांना उद्यानाशी जोडून ठेवते.

न्यूयॉर्क शहरातील सेंट्रल पार्क या विख्यात उद्यानाची दुरवस्था झाली तेव्हा १९८० मध्ये नागरिकांनी कॉन्झर्व्हन्सी नावाची संस्था काढली. उद्यानाची मालकी शहराकडेच राहिली. निगा संस्थेने घेतली. २०१२ मध्ये जॉन पॉल्सन या धनिकाने तिला १० कोटी डॉलर दिले. त्यांतील निम्मी रक्कम कामांसाठी आणि निम्मी कायम निधीसाठी होती. एवढ्या श्रीमंत नगरातील देणगीदारालाही निम्मे पैसे मुद्दल म्हणून बाजूला ठेवावेसे वाटले, ही गोष्ट आपल्या पंचायतींनी ध्यानात घेण्याजोगी आहे.

मुद्दल आणि व्याज

अक्षय निधी म्हणजे ज्याचे मुद्दल कधीही खर्चावयाचे नाही आणि केवळ उत्पन्नातून काम चालवावयाचे असा निधी. तो किती असावा याचा हिशेब सोपा आहे; पण तो उद्घाटनापूर्वी मांडला पाहिजे. समजा, माळ्याचे वेतन दरमहा १०,००० रुपये आणि वीज, खत, नळ्या, अवजारे यांचा वार्षिक खर्च ६०,००० रुपये आहे. एकूण खर्च १,८०,००० रुपये झाला. ठेवीवर ७ टक्के व्याज मिळते असे धरले, तर सुमारे २६ लाख रुपयांचे मुद्दल पुरेल असे वाटते. येथेच पुष्कळ समित्यांची गफलत होते. महागाई दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढली, तर आजचा १,८०,००० रुपयांचा खर्च दहा वर्षांनी २,९३,००० रुपयांच्या घरात जाईल; ठेवीचे व्याज मात्र जागच्या जागी राहील. म्हणून व्याजातील २ टक्के मुद्दलात परत घालून ५ टक्केच खर्चावे. मग लागणारे मुद्दल ३६ लाखांवर जाते. त्यानेही महागाईची पूर्ण भरपाई होत नाही, तेव्हा मुद्दलात नव्या देणग्या पडत राहिल्या पाहिजेत.

एवढी रक्कम लहान गावाला एकदम उभी करता येणार नाही, आणि तशी घाई करण्याचे कारणही नाही. ९ लाख रुपये जमले तरी ५ टक्क्यांनी ४५,००० रुपये मिळतात, म्हणजे खर्चाचा चौथा हिस्सा निघतो. उरलेले १,३५,००० रुपये २२५ कुटुंबांनी दरमहा ५० रुपये दिल्यास जमतात. प्रस्तुत लेखकाच्या मते एका धनवंताच्या मोठ्या देणगीपेक्षा हे ५० रुपये अधिक मोलाचे आहेत, कारण दरमहा पैसे देणारा मनुष्य बागेतील नळ गळताना दिसला की विचारणा करतो.

मृत्युपत्राद्वारे दान

हयातीत मोठी रक्कम देणे मध्यमवर्गीयास परवडत नाही. म्हातारपणाच्या औषधपाण्याची चिंता असते व ती रास्तच आहे. असा मनुष्य आपल्या पश्चात ठेवीचा काही भाग गावच्या उद्यानाला देऊ शकतो. सेवानिवृत्त शिक्षक आणि कर्मचारी यांच्यात अशी इच्छा बाळगणारे थोडे नाहीत. ती कागदावर कशी उतरवावी हे त्यांना कोणी सांगत नाही.

मृत्युपत्रासाठी मुद्रांकाचा कागद लागत नाही आणि नोंदणीही सक्तीची नाही. तथापि नोंदणी केल्यास पुढील वाद टळण्यास मदत होते. त्यावर करणाऱ्याची सही आणि किमान दोन साक्षीदारांच्या साक्षी आवश्यक आहेत. ज्यांना लाभ होणार आहे त्यांना, अथवा उद्यान समितीच्या पदाधिकाऱ्यांना, साक्षीदार न करणे इष्ट. हिंदू व्यक्तीला स्वकष्टार्जित मिळकत आणि एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतील स्वतःचा हिस्सा देता येतो, इतरांचा नाही. मुस्लिम व्यक्तीला वारसांच्या संमतीविना सामान्यतः एकतृतीयांशापर्यंतच मृत्युपत्राने देता येते. ख्रिस्ती व्यक्तीच्या धर्मादाय मृत्युपत्रावर मुदतीचे जे जुने बंधन होते, ते सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये घटनाबाह्य ठरविले.

एक गैरसमज सार्वत्रिक आहे. बँकेत नामनिर्देशन केले की रक्कम त्या व्यक्तीच्या मालकीची होते, असे लोक धरून चालतात. वस्तुतः बँक नामनिर्देशित व्यक्तीच्या हाती रक्कम देते ती वारसांच्या वतीने. मालकी मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने ठरते. तेव्हा उद्यानासाठी काही ठेवावयाचे असेल, तर ते मृत्युपत्रातच लिहिले पाहिजे. लिहितानाही ‘गुलाबाच्या ताटव्यासाठी’ असे आखडते प्रयोजन घालू नये. पुढे पाणी कमी पडून गुलाब काढावे लागले, तर पैसा अडकून पडतो. ‘उद्यानाच्या देखभालीसाठी, आणि उद्यान न राहिल्यास गावातील वृक्षसंवर्धनासाठी’ असे लिहिणे श्रेयस्कर. घरच्यांना हयातीतच कल्पना द्यावी, हेही तितकेच आवश्यक आहे.

जमिनीचे दान

जमीन देणाऱ्याचे मन मोठे असते, पण कागद अपुरा राहिला तर गावाच्या पदरी दावे येतात. स्थावराचे बक्षीसपत्र दोन साक्षीदारांसह नोंदलेलेच असावे लागते. ग्रामसभेत हात वर करून किंवा साध्या कागदावर लिहून जमीन हस्तांतरित होत नाही. शेतजमीन असेल तर आणखी एक अडचण असते. कूळवहिवाट कायद्याच्या कलम ६३ अन्वये बिगर-शेतकऱ्याला, आणि म्हणून सर्वसाधारण न्यासालाही, परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. ही परवानगी आधी मिळवावी, समारंभ नंतर करावा. सात-बारावर फेरफार झाला की नाही हे तलाठी कार्यालयात जाऊन स्वतः पाहावे.

निधी कोणी सांभाळावा

निधी पंचायतीकडे ठेवावा की स्वतंत्र न्यासाकडे, याविषयी मतभेद संभवतात. पंचायतीकडे दिल्यास तो ग्रामनिधीत जमा होतो व लेखापरीक्षणाखाली येतो. पण निवडणुकीनंतर नवी समिती प्राधान्य बदलू शकते. न्यास केल्यास सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० अन्वये धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नोंदणी करावी लागते, विश्वस्त बदलले की फेरफार अर्ज ९० दिवसांत द्यावा लागतो आणि धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीवाचून जमीन विकता येत नाही. हे शेवटचे बंधन म्हणजे बागेचे खरे कुंपण होय. पैसा कोठे गुंतवावा यावरही कायद्याची मर्यादा आहे, तेव्हा जादा व्याजाच्या आमिषाने एखाद्या खासगी पेढीत ठेव ठेवण्याचा मोह विश्वस्तांनी टाळावा. जागा पंचायतीची, निधी न्यासाचा आणि दोहोंमध्ये लेखी करार, ही रचना बहुतेक गावांना सोयीची पडेल.

प्राप्तिकरातील सवलत मान्यताप्राप्त संस्थेला पैशाच्या रूपाने दिलेल्या देणगीलाच लागू होते. बाके, रोपे किंवा जमीन दिल्यास नाही. २,००० रुपयांहून अधिक रोख दिल्यास सवलत मिळत नाही, आणि देणगीदाराने कोणती करपद्धती निवडली आहे यावरही ती अवलंबून असते. पावती देणाऱ्या शिक्षकाने किंवा ग्रामसेवकाने हे आधी सांगावे; मागाहून कळले तर देणगीदार नाराज होतो.

वर्षातून एकदा, शक्यतो होळीनंतर पाणी कमी होऊ लागण्याच्या सुमारास, उद्यानाचा जमाखर्च ग्रामसभेपुढे वाचावा आणि एका पानाचा तक्ता प्रवेशद्वारावर लावावा. मुद्दल किती, व्याज किती, माळ्याला दिले किती, किती झाडे लावली आणि त्यांतील किती जगली. शेवटचा आकडा शाळेतील मुलांकडून मोजून घ्यावा. जगलेल्या झाडांचा आकडा फुगविण्याची मुलांना गरज नसते.